ह्यांची कॉफी, माझी जीभ

दि. १७, रविवार

ताई,

पाया पडते असं लिहिणार होते, पण ऑपरेशन तुझ्याच गुडघ्याचं, तेव्हा या वेळी लांबूनच. तुझं पत्र मिळालं. भावोजी घर सांभाळतील असं तू लिहितेस. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो तुला काय सांभाळणार, हे तुलाही माहीत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की छत गळतंय, घरात कामाची माणसं आहेत, म्हणून येणं जमणार नाही. छत गळत नाही. तुला ते पटलं नसणार, कारण उत्तरात तू छताबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. त्यापेक्षा रागावली असतीस तर बरं वाटलं असतं.

गोष्ट अशी, की ह्यांना वास येत नाही. गेल्या वर्षी तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या कुणाचा गेला असता तर चार दिवस हळहळून माणूस कामाला लागला असता. पण ह्यांचं सगळं पोट नाकावर. कॉफीच्या कारखान्यात आलेला माल चाखायचा आणि कुठला घ्यायचा, कुठला परत पाठवायचा ते सांगायचं, एवढंच काम आयुष्यभर केलं. वास गेला की चवही जाते. ह्यांना आता कडू आणि आंबट तेवढं कळतं.

कारखान्यात ह्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नमुन्याच्या पुड्या खिशातून घरी आणायला लागले. सकाळी उठून काचेच्या भांड्यावर गाळणी ठेवायची, तिच्यात कागद, कागदाचा वास जावा म्हणून तो आधी गरम पाण्यानं भिजवायचा. मग पूड. मग बारीक चोचीच्या किटलीतून थोडंसं पाणी, की पूड पिठासारखी फुगते. ती बसेपर्यंत थांबायचं आणि मग गोल गोल धार. ह्यांचा हात अजून तसाच आहे, ताई, धार जरा हलत नाही. कप माझ्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, “कशी आहे?”

मी सांगायची. मी, जिनं जन्मभर चहाशिवाय काही तोंडाला लावलं नाही. मला ह्यांचे ते धंद्यातले शब्द येत नाहीत. मी म्हणायची, जुन्या चष्म्याच्या डबीसारखी लागते. इस्त्री जरा जास्त तापल्यासारखी. एकदा म्हटलं, ओलं पोतं. हे तेच कारखान्यात जाऊन बोलले आणि खरंच त्या मालाला वाटेत पाणी लागलेलं निघालं. त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण त्या दिवसापासून माझी जीभ नोकरीला लागली आणि तिला रविवारही नाही. सकाळी कॉफीआधी चहा नाही. रात्रीच्या जेवणात लसूण नाही, मिरची नाही. वासाचा साबण बंद, केसांचं तेल बंद. मीच शिजवलेलं मला खाववत नाही. तक्रार कुणाकडे करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच.

तुझ्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा हे लगेच म्हणाले, “जा ना, ताईंना गरज आहे.” दुसऱ्या दिवशी किटली हातात धरून म्हणाले, “साधारण किती दिवस लागतील?” आणि तेवढ्यात धार तुटली. ह्यांची धार तुटलेली मी कधी पाहिली नव्हती. मग मी तुला छताचं लिहिलं.

गुरुवारी मात्र माझ्यानं होईना. कप समोर आला आणि मी म्हटलं, “मला सर्दी झालीय. काही कळत नाही.” सर्दी वगैरे काही नव्हती. मला सगळं कळत होतं. कॉफी चांगली होती, फळाची साल सोलल्यावर हाताला येतो तसला वास होता. पण मी तोंड मिटून बसले.

ह्यांनी काय केलं असेल? त्याच किटलीतलं पाणी पातेल्यात ओतून मला वाफ घ्यायला बसवलं, डोक्यावर टॉवेल टाकला. म्हणाले, “तू पड. मी बघतो काय ते.” टॉवेलच्या आत मी रडले. ह्यांना वाटलं, वाफेनं नाक मोकळं होतंय.

आणि त्या दिवशी ह्यांनी कारखान्याच्या मालकीणबाईंना खरं सांगून टाकलं.

त्या हसल्या म्हणे. “आम्हाला केव्हाच कळलंय. तुम्ही आधी पुस्तकासारखं बोलायचात, वर्षभर घरातल्या बाईसारखं बोलताय. त्यांनाच पाठवा की कामावर.” ह्यांना गोदामात माल उतरवून घेण्याचं काम देतो म्हणाल्या आणि चाखायच्या टेबलावर मला बोलावलंय. हे घरी आले ते ओझं उतरल्यासारखे. “अगं, नोकरी चालून आलीय तुला. पगार माझ्याएवढा.”

मी म्हटलं, “मला नको.”

“का?”

“मला लसूण खायचाय. मला ताईकडे जायचंय. आणि मला सर्दी झालेली नाही.”

ह्यांनी खिशातली पुडी काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला आवडत होतं.” ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला भांडताही येईना. खरं म्हणजे सकाळची ती वेळ मला आवडत होती. कॉफी आवडत नव्हती. हे वेगळं करून सांगायला मला आजपर्यंत जमलं नाही, आणि त्या दिवशीही नाही जमलं.

आज सकाळी ह्यांनी पुन्हा कॉफी केली. कारखान्याची पुडी नव्हती, डब्यातलीच साधी पूड. हात तसाच, धार तशीच. दोन कप भरले, माझ्यासमोर एक ठेवला आणि खिडकीबाहेर बघत स्वतःचा पीत बसले, ज्यात ह्यांना कडूपणाशिवाय काही लागत नाही. मला काहीच विचारलं नाही. मी सगळा कप संपवला.

मंगळवारच्या गाडीनं निघते आहे. तू गुडघा हलवू नकोस, पण भावोजींना चहा टाकायला सांग, कसाही होऊ दे. पहिल्या घोटानंतर कसा झालाय म्हणून विचारायचं नाही, एवढं त्यांना आधीच बजावून ठेव.

थकून तुझ्याकडे येणारी,
तुझी धाकटी