तबकड्यांचा जीर्णोद्धार

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? (दिवसभर खुर्चीत बसून माणसाची पाठ दुखते हे मला इतकी वर्षं पटत नव्हतं. आता पटलं आहे. कारण पुढे येईल.) तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेली शाल बाबा रोज पांघरतात. ती मी आणली असा त्यांचा समज आहे आणि तो दूर करण्याची मला अजून सवड झालेली नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. मागच्या वेळी फोनवर मी नुसतं "तुझं ते खोकं" एवढंच म्हटलं, तर "फेकून दे गं ताई" म्हणून तू मोकळा झालास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण. तेव्हा बैस, आणि पाठीला उशी घे.

तर खोकं. माळ्यावरचं, तुझ्या व्हिडिओ गेमच्या तबकड्यांचं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात. वेळ पाहत नाहीत, चाल पाहतात. बोलणं "हो", "नको" आणि "राहू दे" यांवर आलं होतं. मी वर्गात धातूंची रूपं चालवण्यात हयात घालवली, पण एवढ्याशा सामग्रीवर दिवस काढणारा माणूस पाहिला नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्या दिवशी ते अचानक म्हणाले, "ती गाडी आहे का गं अजून? बारक्या मला हरवायचा ती?" इतकं लांब वाक्य ऐकून माझ्या हातातली औषधाची बाटली सुटली. (रिकामी होती.) त्या क्षणी मी ठरवलं, काही झालं तरी शर्यतीच्या खेळातली ती गाडी या घरात पुन्हा धावली पाहिजे.

तुझं जुनं यंत्र लावून पाहिलं. ते घरघरतं, तापतं, पण तबकडी काही वाचत नाही. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाई म्हणाल्या, "यंत्राचा नाद सोडा. तबकड्यांच्या प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नकला, काढून लॅपटॉपवर ठेवा. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम असतो, तो त्या यंत्राचं सोंग घेतो, आणि खेळाला काही कळत नाही." सोंग घेणारे आमच्या शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ आहेत, त्यामुळे मला कल्पना लगेच समजली.

आता विद्यार्थ्यासारखा नीट ऐक. प्रतिमा काढली की दोन जातींच्या फायली मिळतात. बिन म्हणजे मूळ संहिता: अवाढव्य, आणि उघडली तर अक्षर कळत नाही. क्यू म्हणजे तिची अनुक्रमणिका: इवलीशी, पण कोणत्या बिनमध्ये काय आहे ते नावानिशी सांगणारी. शिवाय तुझ्या बऱ्याच खेळांचं संगीत वेगळ्या बिनमध्ये निघतं, आणि त्या प्रत्येकाचं नाव "ट्रॅक" आणि पुढे आकडा! प्रत्येक खेळात तेच. वर्गातल्या सगळ्या मुलांना "मुलगा" म्हणून हाक मारण्याचा हा प्रकार मला सहन झाला नाही. मी संगीताच्या सगळ्या फायली उचलून "गीत" या कप्प्यात नेल्या, उरलेल्या "गद्य" या कप्प्यात, आणि सर्वांचं नव्याने बारसं केलं. इतकं देखणं वर्गीकरण तुझ्या त्या कंपनीच्या बापजन्मात झालं नसेल. फक्त एकही खेळ सुरू होईना. अनुक्रमणिका बिचाऱ्या जुन्या नावांनी हाका मारत होत्या आणि ओ द्यायला कोणी जागेवर नव्हतं.

कॉम्प्युटरच्या बाईंनी ते पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?" मी म्हटलं, "अर्थात." त्यांनी पाणी मागितलं.

मी डगमगले नाही. एकेक क्यू उघडून हाताने दुरुस्त केली. (पाठ दुखण्याचं कारण हे.) ती चार तबकड्यांची राजकन्येची गोष्ट आठवते? तिच्या तबकड्यांना मी अक्षरांत नावं दिली, पहिली ते चौथी, आणि त्यांची यादी अकारविल्हे लावून घेतली. अकारविल्हे लागल्या कशा, तर चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. खेळ उघडला की पडदा म्हणायचा, आधी पहिली घाला. मी म्हणायचे, घातली आहे की. बराच काळ आम्ही दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम होतो.

सर्वांत शेवटी रूपांतर. बिन आणि क्यू यांचा मिळून सीएचडी नावाचा एकच समास होतो. जागा कमी घेतो, आणि त्यातलं पद पुढे कोणाला हलवता येत नाही. "तुम्हालासुद्धा नाही," असं बाईंनी का कोण जाणे दोनदा सांगितलं. पहिला समास अर्थातच गाडीचा केला. बाबांना खुर्चीसकट टीव्हीपुढे आणलं, हातात कंट्रोलर दिला. हिरवा दिवा लागला, गाडी सुटली, आणि मागून दारं करकरू लागली, कोणी बाई विव्हळू लागली. संगीत दुसऱ्याच, भुताच्या वाड्याच्या खेळाचं लागलं होतं. बाबा गाडी न थांबवता म्हणाले, "आत कोणी गेलंय का गं?"

माझ्या "गीत" कप्प्यातलं कुठलं गाणं गाडीचं, हे मला काही केल्या ओळखता येईना. मग मी बाबांना एकेक ऐकवत बसले. "हे नव्हे. हेही नव्हे. हे तर सर्कशीचं वाटतंय." मग एक लागलं, आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचे दोन्ही हात मांडीवर डावीकडे वळले. "हे. इथे वळण येतं." मूळ तबकडी आणून ताडून पाहिली, तर ट्रॅक अगदी तोच! (बाकीचे खेळही मग असेच तबकड्यांशी ताडून पुन्हा जुळवले.) बारक्या, माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी बक्षिसं आणली, पण असा अभिमान मला कधी वाटला नव्हता. बाबांचा अधिक की माझा, ते तू ठरव. माझा म्हणालास तर हरकत नाही.

आता तुझं अख्खं खोकं लॅपटॉपमध्ये आहे, प्रत्येक खेळ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गाण्यासह. काही म्हणजे काही उणं नाही. तू फेकायला सांगितलेलं मी राखलं, हे तुझ्या बायकोलाही वाचून दाखव.

तुझी,
ताई

ता. क. काही उणं नाही असं वर लिहिलं, त्यात एक बारीक दुरुस्ती. शर्यत संपली की विक्रमांचा तक्ता येतो, त्यात तुझं नाव नाही. बाई म्हणतात, विक्रम तबकडीवर नसतातच, ते यंत्रात खोचायच्या करड्या कार्डावर असतात. खोक्यात कार्ड नाही. वसतिगृहात जाताना "माझ्या मागे कोणी माझा विक्रम मोडायचा नाही" म्हणत खिशात काय घातलं होतंस, ते आठव. बाबांनी तो तक्ता पाहिला, कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाले, "मग मी हरवायचं कोणाला?" तेव्हापासून पुन्हा खिडकी, पुन्हा "राहू दे". कार्ड वाचायचं यंत्र बाईंकडे आहे. ते पोस्टाने धाडू नकोस, स्वतः घेऊन ये.

ता. क. दुसरा. कार्ड तू हरवलं असणार, मी तुला ओळखते. तरी ये. दुसरा कंट्रोलर आणून ठेवला आहे. माझ्याशी ते खेळत नाहीत. म्हणतात, ही प्रत्येक वळणावर थांबून अन्वय लावते. नवा विक्रम करून जा, फक्त वळणांवर जरा हळू चालव. त्यांना कळणार नाही.

बारक्या, पाकीट चिकटवायला ताईने माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हळू चालवलंस तर मला कळेल. तू लहान असताना मी तेच करत होतो. आता करणार नाही. ये. – बाबा