उलटी बटणं

३ फेब्रुवारी

चि. डावऱ्यास, अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत, मनात सध्या दुसरंच आहे. मागच्या रविवारी आपण दोघांनी एकमेकांवर फोन आपटला, तेव्हा आता कागदावर भांडू. अक्षर सुनेचं आहे. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. ती माझे शब्द मऊ करत नाही ना, यावर माझं लक्ष आहे.

तू पाठवलेला लॅपटॉप गेला आठवडाभर खिडकीजवळच्या टेबलावर माझा छळ करतोय. पॅडवर बोट टेकवायचा अवकाश, पडद्यावरचा बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पानाच्या देठापाशी थांबवावा तर मुळाशी जाऊन बसतो. डावं बटण दाबलं की भलतीच यादी उघडते आणि उजवं दाबलं की रेघ सुरू होते. चार आकृत्या वाया गेल्या. सगळं जग विकत मिळणारं काहीतरी सरळ वापरतं, माझ्याच नशिबी तुझं ते फुकटातलं लिनक्स.

चाळीस वर्षं मी शाळेच्या पुस्तकांसाठी फुलापानांच्या आकृत्या काढतेय. निब, काळी शाई आणि माझा हात, एवढंच भांडवल. आता प्रकाशकाच्या माणसाला कागद नको, फाइल हवी. बासष्ट आकृत्या, पंधरा मार्चच्या आत. नाही जमलं तर दुसरी चित्रकार तयार आहे, असं त्याने गोड हसून सांगितलं. हे काम गेलं की माझ्याकडे पुन्हा कोणी येणार नाही, हे तुलाही कळतं. म्हणून विचारते, हे यंत्र असं बिघडवून पाठवायला मी तुझं काय घोडं मारलं होतं?

लोभ ठेवावा असं शेवटी लिहितात. आधी तो बाण जागेवर ठेव, मग लोभाचं बघू.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र दुकानात गिऱ्हाइकांसमोर उघडलं, ही माझी चूक. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. चिरंजीव म्हण, पण डावऱ्या म्हणू नकोस. गिऱ्हाइकं आता तेच म्हणायला लागली आहेत.

लॅपटॉपमध्ये बिघाड नाही. पाठवण्याआधी मी तो दोन दिवस काउंटरवर वापरला. बटणं उलटी आहेत हे खरं आहे. तपासताना मी ती माझ्या हातासारखी करून घेतली आणि परत फिरवायला विसरलो. सेटिंगमध्ये माउस आणि टचपॅडच्या पानावर जा आणि मुख्य बटण डावं कर. झालं. त्यासाठी एवढं आकांडतांडव नको होतं.

बाण पळतो, कारण पॅडची संवेदनशीलता जास्त आहे. त्याच पानावर वेगाची पट्टी आहे, ती मधून बरीच डावीकडे सरकव. दुसरं म्हणजे, बोट झपकन फिरलं की बाण आपण होऊन आणखी जोरात धावतो. तो प्रवेग बंद करायची एक ओळ सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. टर्मिनलची काळी खिडकी उघडून ती जशीच्या तशी टाक. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस आणि यंत्राला शहाणपण शिकवू नकोस. थोडक्यात, संवेदनशीलता कमी करायची. आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तुला ती कमी करायला सांगावी लागली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

मग एक आडवी रेघ तू सावकाश ओढ आणि तशीच एक सूनबाईला ओढायला सांग. दोन्ही पेनड्राइव्हवर घालून पाठव. त्यावरून मला कळेल की दोष पॅडचा आहे, की नाचता येईना अंगण वाकडं.

सूनबाईला आशीर्वाद. तिच्या अक्षरात तुझा राग वाचायला बरा वाटतो.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तो आटू नये.

तुझा धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. डावऱ्यास, अ. उ. आ.

तुला हवी ती हाक मागायची सोय माझ्या घरी नाही.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. बटणं सरळ केली, पट्टी सरकवली, काळ्या खिडकीत तुझी ती मंत्रासारखी ओळ टाकली. संध्याकाळपर्यंत बाण पळायचा थांबला. सकाळी लॅपटॉप उघडला तर तुझी ओळ तो साफ विसरलेला, पुन्हा उधळला. रोज सकाळी तीच ओळ नव्याने टाकते. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरणं हे कोणाचं लक्षण, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि बाण मंद करूनही रेघ काही सरळ येत नाही. काल एका फुलात बारा पुंकेसर काढायचे होते. इवलेसे, टाचणीच्या डोक्याएवढे. तू म्हणशील मला दिसत नाही, तर मी बाराच्या बारा मोजून सांगते की एकही धड आला नाही. सुनेची रेघ मात्र पहिल्या फटक्यात सरळ आली. तरुण आहे, तिच्यावर यंत्र मेहेरबान आहे. दोन्ही रेघा पाठवल्या आहेत, बघ आणि स्वतःची लाज राख.

बटणं तू विसरलास यावर माझा विश्वास नाही. ती तू मुद्दाम ठेवलीस. तुझी ती उलट्या हाताची खोड मी मोडली, याचा डंख तुझ्या मनात अजून आहे. अरे, उपकार मान. घरात दुसरं कोणी लक्ष घालत नव्हतं, तेव्हा रोज संध्याकाळी तासभर मी तुला समोर बसवलं आणि उजव्या हाताने लिहायला लावलं. म्हणून आज तुझी चिठ्ठी माणसाला वाचता येते. मी नसते तर दुकानाची पाटीसुद्धा उलटी लिहिली असतीस.

आकृत्या झाल्या फक्त सात. दिवस राहिले अठ्ठावीस. प्रकाशकाच्या माणसाने पुन्हा विचारणा केली. मी खोटं सांगितलं की तीस झाल्या.

लोभाचं तूच ठरव, इथे वेळ नाही.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

वि. वि. नाही, कारण या पत्रात विनंती नाही.

उपकार मान म्हणतेस? मी सहा वर्षांचा होतो आणि तू तेरा. तुझ्या वेणीची लाल रिबीन काढून माझा डावा हात तू खुर्चीच्या पाठीला बांधायचीस. तास संपेपर्यंत सोडायची नाहीस. पूर्ण एक वर्ष. मनगटावर वळ उठले, तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावलास. त्याच वर्षी मी बोलताना अडायला लागलो. हे त्याच्यामुळेच झालं का, ते मला माहीत नाही, पण मला पहिला अडकलेला शब्द आठवतो आणि तो त्या खुर्चीवरचा आहे. आजही फोनवर मी अडलो की तू माझं वाक्य पुरं करतेस, आणि दर वेळी चुकीचं. त्या रविवारी मी फोन आपटला तो म्हणून. माझं अक्षर सुरेख आहे हे कबूल. मी दुकानात स्क्रू फिरवतो, तारा जोडतो, गिऱ्हाइकांची बिलं लिहितो, आणि पेन सोडलं तर सगळं डाव्या हाताने करतो. पेन हातात घेतलं की खांदा अजून आखडतो.

बटणं मी खरंच विसरलो होतो. तुझ्यावर सूड घ्यायचा असता तर इतक्या स्वस्तात घेतला नसता.

आता रेघांचं. दोन्ही पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या. पॅड बिघडलं असेल तर बाण उडी मारतो आणि रेघ मध्येच तुटते. तुझी रेघ कुठेही तुटलेली नाही. तिला करवतीसारखे बारीक दाते आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारख्या अंतरावर. त्याच पॅडवर सूनबाईची रेघ स्वच्छ आहे. हे लिनक्सचं काम नाही, ताई. हे कुठल्याच सेटिंगने जाणार नाही.

आणि चष्मा कुठला दुरुस्तीला टाकलास? तीन आठवडे? चष्म्याशिवाय टाचणीच्या डोक्याएवढे बारा पुंकेसर मोजतेस? ज्या बाईने मला चाळीस वर्षं अक्षरावरून टोमणे मारले, ती दोन पत्रं दुसऱ्याच्या हातून लिहून घेते. तुझा हात कधीपासून थरथरतोय? माझ्यावर चिखलफेक करायला तुला जोर आहे, आणि हे एक वाक्य लिहायला नव्हता? मला राग त्याचा जास्त आला आहे. खोटं बोलायचं तर प्रकाशकाशी बोल, माझ्याशी नको.

ती ओळ रोज टाकावी लागू नये म्हणून लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीत ती कशी घालायची, ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. सूनबाईला करू दे.

उत्तर नाही आलं तरी मला समजेल.

धाकटा


८ मार्च

चि. भावास, अ. उ. आ.

हे पत्र मी लिहितेय, सून नाही. डाव्या हाताने. तीन दिवस लागले. हसायचं तर हस, पण पुरतं वाचून झाल्यावर.

उजवा हात आठ महिन्यांपासून थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा आवरेल. मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेला ओळखू आलं, तिने पत्रं लिहून द्यायला घेतली. निब हातात धरवत नव्हती, तेव्हा वाटलं यंत्रावर निभावेल. नाही निभावलं, मग तुझ्या नावाने खडे फोडले. तुझ्यावर आळ घेतल्याने हात बरा असल्यासारखं वाटायचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बटणं पुन्हा उलटी केली. तू ठेवली होतीस तशी. डावा हात अडाणी आहे, पण थरथरत नाही. पहिली रेघ वाकडी आली, दाते मात्र नव्हते. आज अठ्ठावीस आकृत्या झाल्यात. प्रकाशकाच्या माणसाला खरं सांगितलं आणि महिनाभर मागितला. तो हसला नाही, हो म्हणाला.

एक सांगायचं आहे. डावा हात काम करत असला की उजवा सवयीने मध्ये घुसतो. म्हणून सुनेला म्हटलं, हा खुर्चीच्या पाठीला बांध. रिबीन घरात नव्हती, कापडाची पट्टी घेतली. समोर घड्याळ ठेवलं. एक तास, तुझा असायचा तेवढा. खांदा भरून आला. नाकाला खाज सुटली. अकराव्या मिनिटाला मी सुनेवर ओरडले, सोड म्हणून. तिने लगेच सोडला.

तू ओरडायचास तेव्हा मी काय करत होते, ते मला नीट आठवतंय. मी तुझ्याकडून पाढे म्हणून घेत होते. आणि तू अडलास की पुढचा आकडा मीच सांगत होते.

माझं चुकलं. हे लिहिताना हात दुखतोय, तो दुखू दे.

लोभ असावा असं लिहायचा हक्क मी ठेवलेला नाही. उरला असेल तर दे.

तुझी,
ताई

ता. क. येत्या रविवारी फोन कर. अडलास तर अड. मी थांबेन.