जोशुआच्या दुसऱ्या लग्नाबद्दलचे कलम

मी, सौ. सिपोरा जोशुआ पेणकर, माहेरची रोहेकर, वय २७, व्यवसाय शिवणकाम, राहणार पेण, पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा मुंबईच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काल शनिवार, आम्हा यहुद्यांचा शब्बाथ, त्या दिवशी लिहायचे नसते, म्हणून आज लिहिते.

१. शिवणयंत्र व कात्री शेजारच्या जानीच्या मुलीला, स्वप्नालीला द्यावी. तिला काजे अजून जमत नाहीत, पण ती दुसऱ्याच्या चुका दाखवत नाही. माझी धाकटी बहीण तामार दाखवते. यंत्र तामारला देऊ नये.

२. मंगळसूत्र माझी मुलगी शीरा (वय दोन) हिचे. ती मोठी होईपर्यंत ते रोह्याला माझ्या बाबांकडे राहावे. मधल्या काळात कोणाच्या गळ्यात दिसू नये.

३. मी आजारी पडल्यापासून तामार आमच्याकडे राहून सगळे करते. जोशुआ डोलवीच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आला की त्याला गरम भाकरी वाढते. त्यात काही गैर नाही, हे मी शपथेवर लिहिते. तरी एकदा तो म्हणाला, "तामार, आमटी काय झालीय!" मी ऐकते आहे असे पाहून म्हणाला, "सिपोराची पण चांगली असते हां." मी दोन दिवस आमटी घेतली नाही.

४. मी बरी होऊन आले तर अलिबागजवळ खंडाळ्याला, आमच्या एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या खडकाशी मलिदा करीन, असा नवस तामार बोलली. "मला विचारलंस?" असे म्हटले, तर म्हणते, "ताई, नवस काय विचारून करतात?" म्हणजे मी वाचले तरी तिच्याच शब्दाने. म्हणून मीही गुपचूप मलिद्याचा नवस बोलले: माझ्यामागे जोशुआने तामारशी लग्न करू नये. मी मेल्यावर तो मलिदा करणार कोण, हे तेव्हा सुचले नाही. पोहे भिजवून, गूळ-खोबरे घालून करणारी घरात तामारच उरते.

रोह्याहून आलेले बाबा म्हणाले, न फेडता नवसातून मोकळे व्हायचे तर तीन यहुदी पुरुषांसमोर तो उघड सांगावा लागतो. आपली बहुतेक माणसे इस्राएलला गेली. उरले बाबा, एलियाहकाका आणि जोशुआ. आज सकाळी तिघांसमोर सांगितला. जोशुआ नुसता म्हणाला, "येडी गो तू." आत तामारच्या हातून परात पडली.

५. साक्षीला आलेल्या जानीला मी म्हटले, मी बेशुद्ध असताना इकडे काय होईल ते मला दिसणार नाय. ती म्हणाली, "बाय गो, तू बघतेस म्हनून चाललंय व्हय सगलं? देव तुज्या जलमाच्या आधीपासून जागा हाय."  तेव्हा माझे माणूस, माझे मूल आणि परवाचा दिवस मी देवाच्या हाती सोपवते. भीती गेलेली नाही, तरी सोपवते.

६. जोशुआने पुन्हा लग्न करावे की नाही, आणि कोणाशी, याविषयी येथे लिहिलेल्या तीन ओळी मी स्वतः खोडल्या आहेत. खाडाखोडीवर माझी सही आहे.

७. शीरा हल्ली तामारला आई म्हणते. तामार दर वेळी "मावशी म्हण" असे शिकवते. मी परत आले नाही, तर तामारने तसे शिकवणे थांबवावे. परत आले, तर लगेच पुन्हा सुरू करावे.

हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली.

सही: सिपोरा जोशुआ पेणकर
साक्षीदार: १. जानी पांडू वाघमारे, डाव्या हाताचा अंगठा
२. रमेश केरू म्हात्रे, मूर्तिकार, जोहे
पेण, रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९९६