जुन्या पोर्टावर बोलणाऱ्या डब्याला मुदत मिळण्याबाबत

प्रति,
मा. तांत्रिक निर्णय अधिकारी,
आभासी संगणक विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : जुन्या पोर्टाची सोय बंद न करण्याबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक, 'कालबाह्य उपकरणांची सोय बंद करणे'.

महोदय,

मी शिंपीकाम करतो. माझ्या पत्नीचा आवाज आजारपणात कायमचा गेला. ती कळफलकावर लिहिते आणि संगणकाच्या जुन्या पोर्टाला, म्हणजे वायर खोचायच्या जागेला, जोडलेला एक डबा ते बोलून दाखवतो. डबा बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. आपल्या सॉफ्टवेअरमुळे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालतो, म्हणून डबाही चालतो. नव्या आवृत्तीतून आपण ही सोय काढली आहे; तिच्यात तो मुका होतो. जुनी आवृत्ती एक तारखेपासून उघडणारच नाही, असेही आपण कळवले आहे.

२. अशी उपकरणे वापरणारे 'शून्य' आहेत, असे परिपत्रकात नमूद आहे. साहेब, ही मोजणी आपण नव्या आवृत्तीतून केली, आणि तिच्यात आमचा डबा जोडलाच जात नाही. हरकतीचा अर्जही तिच्यातच उघडतो. शेजाऱ्याच्या संगणकावर मी तो भरला, तर नव्या आवृत्तीवर आल्याबद्दल माझे अभिनंदन करण्यात आले. म्हणजे मीही शून्यात जमा झालो.

३. मदत केंद्राने कळवले, की तक्रार वापरणाऱ्याने स्वतः बोलून सांगावी. पत्नीने फोनजवळ डबा धरून सांगितली. यंत्राशी बोलायची परवानगी नाही, असे म्हणून आपल्याकडील बाईंनी फोन ठेवला. त्यांचा तरी काय दोष? पण पत्नी त्या दिवशी पुन्हा डब्याला हात लावेना.

४. मोबाइलवर नवा आवाज मिळतो आणि तो गोडही आहे, हे मी नाकारत नाही. तोही घेऊन पाहिला. आमची मुलगी चार वर्षांची आहे. आईचा म्हणून तिला जन्मापासून डब्याचा खरखरीत आवाजच ठाऊक. पत्नीने मोबाइलवरून तिला जेवायला बोलावले. मुलगी तिच्या समोरच उभी होती. "ही कोण बोलतेय? आई कुठंय?" असे विचारून ती आतल्या खोलीत शोधायला गेली. पत्नीने मोबाइल पालथा ठेवला.

५. सोय कायमची ठेवावी, असे मी आधी लिहिले होते. एवढे कोणी देत नसते, म्हणून पत्नीने ते खोडायला लावले. तरी विनंती इतकीच, की मुलीला वाचता येईपर्यंत सोय बंद करू नये. हल्ली दुकान लवकर बंद करून मी तिला अक्षरे गिरवायला बसवतो. ती हुशार आहे, पण 'क' अजून उलटा काढते. तिला वाचता येऊ लागले, की तिची आई तिला लिहून सांगेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, शिंपी

दिनांक : मुदतीआधीचा सोमवार

सोबत : १. डॉक्टरांचा दाखला
२. डब्याचे छायाचित्र