एकतीस तासांचा दोरा

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू कायम घाईत असतोस, म्हणून पत्र. ते मध्येच कट करता येत नाही.

प्रवासाला एकतीस तास लागतात, दोनदा विमान बदलावं लागतं, म्हणून यंदाही येत नाहीस हे कळलं. फार वाईट वाटलं. सहावं वर्ष असल्याने तसा सराव झालाय.

बाबांना मात्र तो आकडा पटला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. माझ्या शिलाई मशीनवरचं रीळ काढून नेलं, तुझा शाळेतला ग्लोब कपाटावरून उतरवायला लावला आणि इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत दोरा ताणून बसले. अंतर आलं नऊ हजार किलोमीटर, म्हणजे साधारण साडेदहा तास. उरलेले साडेवीस तास तू हवेत काय करतोस, असं त्यांनी विचारलंय.

आता थट्टा पुरे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन-तीन महिन्यांत बाबांना चेहरे ओळखू येणार नाहीत, ऑपरेशनचाही उपयोग नाही. परवा दोरासुद्धा चाचपूनच लावला त्यांनी. नजर जाण्याआधी त्यांना तुझं तोंड बघायचंय. मला तशी काही हौस नाही.

तुझी ताई

१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना सांग, ग्लोब हे मुलांचं खेळणं आहे. मी आमच्या कवळ्यांच्या कारखान्यातल्या भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी लावून पाहिली. चांगले बारा हजार भरतात. शिवाय चौदा कवळ्या अर्धवट पडल्यात. माझ्यामुळे चौदा माणसं पातळ भातावर दिवस काढतायत, एवढी तरी दया कर.

खरं सांगू का ताई, मला भीती वाटते. बाबा माझ्याकडे बघतील आणि मी त्यांना दिसणार नाही, हे माझ्याच्याने बघवणार नाही. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं, शेवटचं तेवढं गाळलं. बारा हजार ऐकून बाबा खोकला लागेपर्यंत हसले. गोल पृथ्वी भिंतीवर सपाट केली की ताणली जाते, आणि मोजणीदाराचा मुलगा तिच्यावर फूटपट्टी ठेवतो, म्हणाले. हे ते गल्लीभर सांगून आलेत.

मग मी तिकीटवाल्याकडे गेले. थेट विमान वर्षभरापासून सुरू आहे. अकरा तास दहा मिनिटं. तुझ्या कानावर आलं नसेल, कवळ्यांचा आवाज फार होत असणार.

व्हिसाचं कसं करायचं म्हणून मी बाबांचा पासपोर्ट उघडला, तर व्हिसा होताच. विमान सुरू झालं तेव्हाच त्यांनी कुणालाही न सांगता काढून ठेवला होता, तू बोलावशील म्हणून.

पोस्टाला बारा दिवस लागतात, त्यामुळे हे पत्र टाकलेलं नाही. काल फोनवर तुला सांगितलेलं, विमानतळावर सही करून घ्यायचं पार्सल म्हणजे बाबाच. पत्र त्यांच्या वरच्या खिशात होतं. औषधं डाव्या कप्प्यात आहेत. जेवताना ताटात काय कुठे वाढलंय ते सांगत जा, पण हात धरू नकोस, चिडतात.

माया पातळ झालेली नाही, राग तेवढा दाट आहे. दोन्ही तुझ्याकडेच राहू देत.

आणि आता हे वाचत बसू नकोस. मान वर कर. ते तुझ्याकडेच बघतायत.

तुझी ताई