मिठागराला पडलेली खांड

२९ जानेवारी
गेला! वादळात मिठागराचा बाहेरचा बांध गेला. दोन वाव, म्हणजे बारा फूट रुंद खांड. खाडीचं पाणी सरळ आत. आदेरितो असता तर आजच बुजवायला लागला असता. नवरा जाऊन दोन वर्षं झाली — अजून हाक मारते.

३० जानेवारी
ओहोटीला पाणटिवळे पक्षी चिखलात पोट भरतात. भरतीला चिखल बुडतो, मग टेकायला माझं उथळ आगर. आज तेही बुडालेलं. हजारभर पक्षी घिरट्या घालत राहिले — पाणी उतरेपर्यंत! पलीकडच्या मत्स्यतळ्यांवर जाळ्या. जाणार कुठे?

१ फेब्रुवारी
सेतुबाल शहरातून बेल्मिरो आला. धाकटा भाऊ, पण बोलतो बापासारखा.
"ताई, पुरे झालं. चल माझ्याकडे. वरची खोली रिकामीच आहे."
"आणि हे पक्षी?"
"पंख आहेत त्यांना! तू तुझ्या गुडघ्यांचं बघ."
जेवला, गेला. फावड्याला हात लावला नाही.

४ फेब्रुवारी
सत्तर घमेली चिखल टाकला. भरतीने नेला.

६ फेब्रुवारी
बांधाखाली मेलेला तुतवार पक्षी. छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं. खाल्लेलं सगळं उडण्यातच जळतंय. महिन्याभरात उत्तरेला निघायचंय यांना — कशाच्या जिवावर?
शिंपल्या वेचणारी ग्रासिंदा म्हणाली, "पाखरांसाठी रडतेस, बाई? नवरा गेला तेव्हा टिपूस नव्हतं!"
खरंय. पण तेव्हा आगरात पक्षी होते. त्यांच्यापाशी बसता यायचं.

९ फेब्रुवारी
मेढ ठोकताना पडले. कंबरभर पाणी, पाय चिखलात रुतलेले. ओरडत राहिले. ग्रासिंदाने ओढून काढलं — नाहीतर संपलेच होते. तिनेच बेल्मिरोला फोन केला. परवा उधाण. उरलेला बांधही जाणार. मला आता उठवत नाही.

१० फेब्रुवारी
बेल्मिरो आला! चार माणसं, वाळूची पोती. ओहोटीतच खांड बुजवली. भरतीला पाणटिवळे उतरले — एका पायावर, चोच पाठीत खुपसून — झोपले! किती दिवसांनी. ग्रासिंदाच्या आधाराने बांधापर्यंत गेले, तिथेच बसून रडले.

११ फेब्रुवारी
उधाण आलं, बांध टिकला. सूप वाढलं. बेल्मिरोने चमचा उचलला नाही.
"वादळाने नव्हे, ताई. वादळाच्या आडून बांध मी खणला. वाटलं, आगर गेलं की येशील. इथे एकटी मरशील म्हणून—"
मी उठून दार उघडलं. बाहेर पाऊस. छत्री त्याने मागितली नाही, मी दिली नाही.