डोळा लावून बघा

बाई, कारखान्यातून आले ती तशीच बसलेय, चहासुद्धा टाकलेला नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी आता ओमानमध्ये असते, रुसैलला बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात. तिथली प्रयोगशाळा सांभाळते. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून मान आणि डोळे दोन्ही कामातून गेलेत.

आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हताच. तुम्ही स्पिरिटच्या दिव्यावर काचेची कांडी वितळवताय, तिची तार ओढताय, तारेच्या टोकाचा मणी करून तो भिंग म्हणून पत्र्याच्या भोकात बसवताय, आणि आम्ही श्वास रोखून बघतोय. चष्मे करणाऱ्यांनी आधीच नळीत दोन भिंगं बसवली होती, पण त्यांतून सगळं धूसर, कडेला रंग सांडलेले, असं तुम्ही सांगितलंत. मग हॉलंडमधला एक कापडवाला सूत तपासता तपासता एकच एवढंसं भिंग घासत बसला आणि त्याला तळ्याच्या पाण्यात जीव हलताना दिसले. विद्वानांना पटेना, तेव्हा त्याने गावातली चार मोठी माणसं बोलावून त्यांनाच डोळा लावायला सांगितलं. त्या मण्यातून बघून मी सुबक अमिबा काढला, तर तुम्ही वही परत केलीत. "हा पुस्तकातला आहे. तुला काय दिसलं?"

आज नमुन्यात हिरवे तंतू दिसले. शेवाळ. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ट्रक खडा है. पास कर दो, खलास." मी म्हटलं, "सर, एकदा बघून घ्या." ते बघायलाच तयार नाहीत. तेवढ्यात कारखान्याचे मालक, आमचे अर्बाब, आत आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि डोळा लावायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग उठून एवढंच म्हणाले, "बंद करो." ट्रक रिकामा परत गेला. नंतर एक गाळणी फाटलेली सापडली. माझा करार मात्र मॅनेजरांच्याच हातात आहे. घरी सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "आई, यू आर सो ब्रेव्ह."

धीर कसला, बाई, तुमच्या त्या कापडवाल्याने केलं तेच केलं. हे पत्र कुठे पाठवायचं तेही ठाऊक नाही. उत्तर बरोबर आलं की तुम्ही कौतुक करत नव्हतात, नुसतं "बस खाली" म्हणायचात. आज ते कुणीतरी म्हणावं असं फार वाटलं, म्हणून लिहीत बसले.